पटावर किती?

बाबा २०१९च्या मे महिन्यात आमच्याकडे, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला आले. विमानाचा शीण उतरायच्या आत, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताघेता त्यांनी माझ्या लेकीकडे बघत विचारलं, "हिच्या शाळेचा पट किती गं?"

इथे येणारे पाहुणे आधी गोल्डन गेट कुठून दिसतो ते विचारतात, मग विद्यापीठाचा मनोरा, मग कॉस्टको. बाबा छत्तीस वर्षं नगरपालिकेच्या शाळेत होते, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापक. कुठल्याही गावाची ओळख त्यांना शाळेपासूनच करून घ्यायची असते. परगावी लग्नाला गेले तरी मांडवातून उठून जवळच्या शाळेच्या पटांगणात चक्कर मारून येत आणि आईच्या कानाशी लागून सांगत, "मुतारीला दार नाही."

"असतील चारशे," मी म्हटलं.

"आणि गावातल्या सगळ्या शाळांचा मिळून?"

"नऊ हजारांच्या वर."

"गाव केवढं?"

"सव्वा लाखाचं."

बाबांनी कप खाली ठेवला आणि बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. "सव्वा लाखाच्या गावात नऊच हजार? मग बाकीची पोरं कुठं जातात?"

अर्धं उत्तर सोपं होतं. हे विद्यापीठाचं गाव. चाळीस हजारांवर विद्यार्थी तिथे शिकतात, त्यामुळे रस्त्यात दिसणारं निम्मं गाव विशी-बाविशीचं, बिनपोराबाळांचं. उरलेलं अर्धं उत्तर द्यायला मला त्या सकाळी जमलं नाही.

'स्कूल डिस्ट्रिक्ट' या शब्दाने मी सुरुवातीला चांगलीच फसले होते. डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा. तेव्हा वर कुणी सीईओ, मध्ये शिक्षणाधिकारी, खाली केंद्रप्रमुख अशी उतरंड असणार असं मी धरून चालले होते. निघालं भलतंच. ही शाळांपुरती आखलेली हद्द असते. अमेरिकेत अशा तेरा हजारांच्या आसपास हद्दी आहेत. काही ठिकाणी एका हद्दीत चार गावं येतात, काही ठिकाणी एका गावात चार हद्दी. बर्कलीत मात्र हद्द आणि गाव एकाच मापाचं. त्यात अकरा प्राथमिक शाळा, तीन मिडल स्कूल, एक भलंथोरलं हायस्कूल, काही बालवाड्या आणि नेहमीच्या हायस्कुलात न रमलेल्या मुलांसाठी एक लहानशी शाळा. महापौरांचा यांच्यावर हुकूम चालत नाही. शाळांचं स्वतःचं बोर्ड असतं, पाच जणांचं, गावाने मतं देऊन निवडलेलं. सुपरिंटेंडेंट, म्हणजे सगळ्या शाळांचा मुख्य अधिकारी, तेच नेमतं, अंदाजपत्रकही तेच मंजूर करतं. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या त्याच्या सभेत कुणीही उठून माइकसमोर बोलू शकतं. विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधीही त्या टेबलाशी बसतो. त्याचं मत विचारतात, पण मोजत नाहीत.

"म्हणजे आपलं शिक्षण मंडळच की," बाबा म्हणाले.

नगरपालिकेचं शिक्षण मंडळ हा बाबांच्या आयुष्यातला मोठा अध्याय. ज्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने ही मंडळं उभी राहिली तो १९४७चा, बाबांच्याच आगेमागे जन्मलेला. सभापती बदलला की बदल्या, निवडणूक आली की भरती, फळे-खडूंच्या खरेदीत कुणाचा तरी मेहुणा, हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. शिक्षण हक्क कायदा आल्यावर ही मंडळं मोडीत निघाली, तेव्हा बाबांनी फोनवर दोन वाक्यं उच्चारली होती. आधी "बरं झालं गेली." आणि जरा थांबून, "पण दार ठोठवायला गावातला माणूस होता, तोही गेला."

बर्कली हे उतारावरचं गाव आहे. पूर्वेला टेकड्या, पश्चिमेला खाडी. वर राहतात ते 'हिल्स'मधले, खाली सपाटीला राहतात ते 'फ्लॅट्स'मधले. आपल्याकडच्या वरच्या आळीला आणि खालच्या आळीला इंग्रजी नावं दिली की झालं बर्कली. दोन्हींच्या मधून दक्षिणोत्तर एक रस्ता जातो. आज त्याचं नाव मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर वे, पूर्वीचं ग्रोव्ह स्ट्रीट. या रस्त्याच्या पूर्वेला, म्हणजे टेकडीच्या बाजूला, कृष्णवर्णीय माणसाला घर मिळत नसे. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती. दलाल, बँका आणि शेजारी मिळून ते काम पार पाडत. एका प्लॉटवर फक्त एका कुटुंबाचंच घर असावं हा नियम अमेरिकेत आधी ज्या गावांत आला त्यांत बर्कली पुढे होतं, १९१६ साली; गरिबाला वर चढू न देण्याचा हा सभ्य मार्ग. आपल्या लोकांनाही त्याची चव मिळाली आहे. पेशावरहून १९१५ साली आलेल्या बगाई कुटुंबाने बर्कलीत घर विकत घेतलं, आणि सामान घेऊन ते दारात पोचले तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप घालून ठेवलेलं. शहराने २०२० साली मध्यवस्तीतल्या एका रस्त्याला त्या घरच्या बाईंचं, कला बगाईंचं, नाव दिलं. मी त्या रस्त्याने जाते तेव्हा एकदा पाटीकडे बघतेच.

आम्ही २०१३ साली सपाटीला, सॅन पाब्लो अॅव्हेन्यूच्या अलीकडे भाड्याने राहत होतो. नवरा विद्यापीठामागच्या टेकडीवरच्या प्रयोगशाळेत कामाला. लेक पाच वर्षांची झालेली. घरापासून पायी पाच मिनिटांवर प्राथमिक शाळा. मी मनातल्या मनात तिला तिथे घालूनही टाकलं होतं. मधल्या सुट्टीत तिचा आवाज आमच्या गॅलरीत येईल इथवर माझं ठरलं होतं.

मग अर्ज हातात आला. त्यात तीन शाळा पसंतीक्रमाने लिहायच्या होत्या. राहण्याच्या पुराव्याचे कागद असे मागितले होते की मला पारपत्र कार्यालय आठवलं. ते उगीच नाही. हद्दीबाहेरचे आईबाप भाचरं-पुतणी दाखवून इथल्या पत्त्यावर मुलं घुसवतात. आपल्याकडेही चांगल्या शाळेसाठी मामाच्या पत्त्यावर रेशनकार्ड निघतं, तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. 'घरात कुठली भाषा बोलता?' या रकान्यात मी अभिमानाने 'मराठी' लिहिलं. राज्याच्या नियमानुसार त्याचा परिणाम असा झाला की डोरा आणि सेसमी स्ट्रीट या टीव्ही कार्यक्रमांवर वाढलेल्या माझ्या पोरीला बसवून तिला इंग्रजी येतं का ते तपासण्यात आलं. "हे काय आहे?" म्हणून चित्र दाखवलं तर ती म्हणाली, "स्पॅच्युला." आमच्या घरी त्याला उलथणं म्हणतात, पण ते तिने शहाणपणाने मनात ठेवलं.

मार्चमध्ये पत्र आलं. लेकीला मिळालेली शाळा टेकडीवरची होती. पिवळ्या बसने जायचं, यायचं.

हे कसं झालं ते समजून घ्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या. या लोकांनी गाव प्राथमिक शाळांसाठी तीन पट्ट्यांत कापलंय, पण आडवं न कापता उभं. खरवसाच्या वड्या पाडताना वरची जायफळ-केशराची साय प्रत्येक वडीला यावी अशी सुरी धरतात ना, तसं. प्रत्येक पट्टी टेकडीच्या माथ्यावरून निघते आणि खाडीशी संपते. त्यामुळे प्रत्येक पट्टीत थोडी वरची आळी, थोडी खालची. मग त्या पट्ट्यांचे चार-सहा गल्ल्यांचे बारीक तुकडे, सगळ्या गावात मिळून चारशेहून अधिक. प्रत्येक तुकड्यात लोकांचं उत्पन्न किती, आईबाप किती शिकलेले, वर्ण कुठले याचा हिशेब करून तुकड्याला तीनपैकी एक वर्ग दिलेला. तुमचं मूल स्वतः कुठल्या वर्णाचं आहे हे कुणी विचारत नाही, ते कुठल्या गल्लीत राहतं एवढंच बघतात. यामागे कायद्याची कसरत आहे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९६ साली सरकारी शाळा-नोकऱ्यांत वर्णाकडे बघून झुकतं माप द्यायला बंदी घातली. बर्कलीने माणसाऐवजी गल्ली मोजायची युक्ती काढली. तीही कोर्टात गेली, आणि २००९ साली अपील कोर्टात टिकली. पसंती, भावंडं, पट्टी हे सगळं बघून संगणक मुलं अशी वाटतो की प्रत्येक शाळेत तिन्ही वर्गांच्या गल्ल्यांमधली मुलं साधारण सारख्या प्रमाणात यावीत.

मला हे सगळं कळलं आणि पटलं मात्र अजिबात नाही. पाच मिनिटांवर शाळा असताना पाच वर्षांच्या पोरीने बसने डोंगर का चढायचा? मी अपील करायचं ठरवलं. तक्रारीचं पत्र लिहिलं, त्यात 'आमच्या शेजारची शाळा' हे शब्द चार वेळा आले होते, दोनदा अधोरेखित. पत्राला जरा वजन यावं म्हणून जुने निर्णय शोधायला मी शहराच्या मुख्य वाचनालयातल्या इतिहासाच्या खोलीत गेले. तिथे १९६४ सालच्या भानगडींची माहिती चाळताना एका संघटनेचं नाव समोर आलं: पॅरेंट्स असोसिएशन फॉर नेबरहूड स्कूल्स. शेजारच्या शाळेसाठी झटणारे पालक.

झटत होते ते कशासाठी? शाळा-बोर्डाने त्या वर्षी ज्युनियर हायस्कुलांमध्ये गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एकत्र आणायचं ठरवलं होतं. गल्ल्या वेगळ्या, म्हणून शाळा वेगळ्या, हे चक्र कुठेतरी तोडायचं म्हणून. या पालकांनी सह्या गोळा केल्या आणि बोर्डाच्या सदस्यांना मुदतीआधी घरी बसवण्यासाठी निवडणूक लावली. ऑक्टोबर १९६४मध्ये मतदान झालं आणि बोर्ड टिकलं. त्याच सुमाराला नील सलिव्हन हे नवे सुपरिंटेंडेंट आले होते. ते आधी व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत होते. तिथल्या गोऱ्या सत्ताधाऱ्यांनी दोन्ही वर्णांची मुलं एका वर्गात बसवण्यापेक्षा पाच वर्षं सरकारी शाळाच बंद ठेवल्या होत्या! असं गाव बघून आलेल्या माणसाला बर्कलीतल्या सह्यांच्या कागदांची काय मातब्बरी.

आणि मग सप्टेंबर १९६८. प्राथमिक शाळांची पाळी. शिकागो, बोस्टन अशा ठिकाणी या विषयावर डोकी फुटत होती किंवा पुढे फुटायची होती. या गावाने कोर्टाचा बडगा नसताना आपण होऊन बस सुरू केल्या, आणि त्याही दोन्ही बाजूंनी. बालवर्गापासून तिसरीपर्यंत सपाटीची मुलं वर जाणार, चौथी ते सहावी टेकडीची मुलं खाली येणार. बाकीच्या देशात बसचा भार बहुतेक एकट्या कृष्णवर्णीय मुलांनी वाहिला. इथे प्राध्यापकांची, वकिलांची पोरंही पिवळ्या बसमध्ये बसली. एवढ्या मोठ्या गावाने हे आपण होऊन करण्याची देशातली ती पहिलीच वेळ होती.

खोलीतल्या टेबलाशी मी बराच वेळ बसून होते. पिशवीत माझं पत्र होतं. त्या संघटनेची भाषा सभ्य होती. लहान मुलांचा प्रवास, त्यांची सुरक्षितता, शेजारधर्म. मुद्देही तेच, शब्दही जवळपास तेच. एकोणपन्नास वर्षांनंतर मी, सावळ्या कातडीची, सपाटीवरची भाडेकरू, त्यांचीच री ओढत होते.

मी पत्र दिलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. मी दिलं. अपील फेटाळलं गेलं. ऑगस्टमध्ये लेक बसमध्ये चढली आणि एकदाही मागे वळून बघितलं नाही.

बाबा आले त्या वर्षीच्या जूनमध्ये लेकीची पाचवी संपली होती. सत्तावीस तारखेच्या संध्याकाळी मायामीहून राष्ट्राध्यक्षपदाच्या इच्छुकांची चर्चा टीव्हीवर चालू होती. बाबांना ती ऐकायची नव्हती, पण आवाज बंद करा म्हणायचीही त्यांना सवय नाही. अचानक कमला हॅरिस बायडनना उद्देशून बस या विषयावर बोलायला लागल्या: कॅलिफोर्नियातली एक लहान मुलगी, शाळा एकत्र झाल्या त्या दुसऱ्या तुकडीतली, रोज बसने शाळेत जायची, आणि ती मुलगी म्हणजे मी. लेक सोफ्यावर उभीच राहिली. "आजोबा, बर्कलीची बस! आमची बस!" हॅरिस सपाटीला बँक्रॉफ्ट वेवर राहायच्या आणि टेकडीच्या बाजूच्या थाउझंड ओक्स शाळेत जायच्या. त्यांची आई श्यामला गोपालन विद्यापीठात शिकायला १९५८ साली इथे आलेली.

बाबांनी चष्मा पुसला. "हिची शाळा नंबर किती?"

इथे शाळांना नंबर नसतात, नावं असतात, हे बाबांना पहिल्यापासून खटकत होतं. आमच्याकडे शाळा क्रमांक १, शाळा क्रमांक ४, मुलींची ७. नंतर त्यांना थोरामोठ्यांची नावं दिली, पण नवं नाव फक्त कमानीवर राहिलं. गावाच्या तोंडी अजून 'चार नंबर'च. बर्कलीत याच्या उलट. इथे नावांवरून वर्षानुवर्षं वाद घालतात. कोलंबस शाळा रोझा पार्क्स झाली, लिंकन झाली माल्कम एक्स. गारफिल्ड नावाचं ज्युनियर हायस्कूल किंग यांच्या हत्येनंतर मार्टिन ल्यूथर किंग झालं. लकाँट नावाचे प्राध्यापक गुलाम बाळगणारे होते म्हणून त्यांच्या नावाची शाळा आता सिल्व्हिया मेंडेझ, जिच्या वडिलांनी मेक्सिकन मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्ध लढून १९४७ साली कॅलिफोर्नियात खटला जिंकला. आणि जेफर्सन? तीही गुलामांमुळेच अडचणीत. २००५ साली तिथल्या मुलांनी, पालकांनी, शिक्षकांनी मतदान करून सिकोया हे झाडाचं नाव निवडलं, पण बोर्डाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते नाकारलं. शेवटी पंधरा-सोळा वर्षांनी नाव बदललं ते रूथ अॅक्टी यांचं झालं: १९४३ साली नेमल्या गेलेल्या गावातल्या पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षिका.

"मास्तरणीचं नाव दिलं?" हे कळवलं तेव्हा बाबा फोनवर म्हणाले. "पुढाऱ्याचं नाही?" हे त्यांना फार म्हणजे फार आवडलं. नंतर ज्याचा-त्याचा फोन आला त्याला ते सांगत होते.

पैशांचं प्रकरण थोडक्यात उरकते, कारण त्यात मला गती नाही. कॅलिफोर्नियात १९७८ साली लोकांनी मतदान करून घरपट्टीला वेसण घातली आणि शाळांच्या पोटावर पाय आला. बर्कलीने १९८६ साली त्यावर तोड काढली ती अशी की शाळांसाठी घराच्या चौरस फुटांवर वेगळा कर. असा कर लावायला दोन तृतीयांश मतं लागतात आणि दर काही वर्षांनी पुन्हा कौल घ्यावा लागतो. दर वेळी गावाने तो दिलाय; ज्यांच्या घरात शाळेत जाणारं पोर नाही अशा म्हाताऱ्यांनीसुद्धा. त्या पैशातून वर्ग लहान राहतात, प्रत्येक शाळेत ग्रंथालय चालतं आणि चौथीतल्या पोरांच्या हातात वाद्य पडतं. माझ्या लेकीला व्हायोलिन मिळालं. त्या वर्षी शेजाऱ्यांनी कराला मत देण्याचा फेरविचार केला असल्यास मी समजू शकते. बाबा म्हणाले, आपल्याही घरपट्टीच्या बिलात शिक्षण कराची ओळ असतेच की. असते. पण ती रक्कम राज्याच्या तिजोरीत जाते, आणि आपल्या गल्लीतल्या शाळेत तिचं काय झालं हे विचारायला कुणी कधी उभं राहिल्याचं मला आठवत नाही.

आमच्या मराठी गोतावळ्यात मात्र मी वेडी ठरले होते. खाडीच्या दक्षिणेला, फ्रीमाँट-क्युपर्टिनोकडे, आपली माणसं घर घेतात ती शाळेचे गुण बघून. दहापैकी दहा असलेल्या शाळेच्या हद्दीत एक घर आलं आणि पलीकडचं नाही आलं, तर दोघांच्या किमतीत जे अंतर पडतं त्यात आमच्या गावी बंगला होईल. गणपतीच्या जेवणात वाटली डाळ वाढता वाढता एकीने मला विचारलं होतं, "बर्कलीची शाळा? अगं, रेटिंग बघितलंस का?" मी म्हटलं, बघितलं. ती म्हणाली, "मुलीवर प्रयोग नको करूस बाई." तिच्या बोलण्यात काळजी होती, खोट नव्हती. तिची शाळा म्हणजे खरं तर तिने विकत घेतलेलं घर होतं, एवढंच.

ऑगस्टअखेर लेक सहावीला किंग मिडल स्कूलमध्ये गेली आणि बाबांना त्यांचं तीर्थक्षेत्र सापडलं. शाळेला लागून एकरभर बाग. पूर्वी तिथे डांबर होतं. गावातल्या शे पनीस या नामांकित खानावळीच्या मालकीण अॅलिस वॉटर्स यांनी १९९५ साली मुख्याध्यापकांच्या साथीने ही बाग सुरू केली. पोरं वाफे करतात, खत घालतात, भाजी काढतात आणि शेजारच्या स्वयंपाकघरात शिजवून एकत्र बसून खातात. गणित, विज्ञान, इतिहास त्यातच. शनिवारी मी बाबांना घेऊन गेले. ते प्रत्येक वाफ्याशी थांबत. चार्डचं पान चिमटीत चुरडून म्हणाले, "ही चाकवताची भावकी." कोंबड्या बघितल्या. मग बाकावर बसले.

"आम्ही कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुलं करवून घ्यायचो," म्हणाले. "आता परसबागेचा आदेश आलाय म्हणे. खिचडीत घालायला भाजी."

थोडा वेळ गप्प. मग कोंबड्यांकडेच बघत, "तुला पाचवीला तिकडं घातलं ना..."

मी शाळा क्रमांक चारमध्ये होते, बाबांच्याच शाळेत, चौथीपर्यंत. ती सातवीपर्यंत होती. पण चौथीच्या स्कॉलरशिपला मी जिल्ह्याच्या यादीत आले आणि बाबांनी मला गावातल्या नावाजलेल्या खाजगी शाळेत घातलं. मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. निळ्या फ्रॉकऐवजी चौकडीचा पिनाफोर मिळणार याच आनंदात मी होते.

"त्या जूनमध्ये माझ्या वर्गातली सात पोरं दाखला घेऊन गेली. गुरुजींची पोरगी गेली म्हटल्यावर कोण ठेवणार? पुढच्या वर्षी आणखी. मग शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांचीही. पट उतरला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक जादा ठरतो. मी रिटायर झालो तेव्हा चौथीत अकरा होती. सगळी ऊसतोडीच्या, नाहीतर गवंड्याच्या घरची." बाबांनी हातातलं पान खाली टाकलं. "तू शिकलीस, चांगलं झालं. पण बाकीची पोरं कुठं जातात ते मला ठाऊक आहे. मीच नेली."

मी काय बोलणार होते? इथल्या टेकड्यांवरही भरपूर मोटारी सकाळी खाजगी शाळांकडे वळतात, हे मी सांगितलं. ते बाबांना पुरेसं वाटलं नाही, आणि मलाही.

बस मुलांना शाळेच्या दारापर्यंत नेते, वर्गापर्यंत नाही, हे मला हायस्कूलने शिकवलं. बर्कली हायस्कूल एकच, तीन हजारांच्या वर पोरं, सगळं गाव एका आवारात. त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. अर्सुला ले ग्विन आणि फिलिप डिक हे दोन लेखक १९४७ साली एकाच तुकडीतून बाहेर पडले आणि एकमेकांना ओळखतही नव्हते, एवढी ती शाळा मोठी. जॅझ वाजवणारी पोरं इथून जगभर गेली. सरकारी हायस्कुलात आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा स्वतंत्र विभाग साठच्या दशकाअखेर इथे निघाला. पण आवार एक झालं तरी त्याच्या आत पुन्हा वरची आळी आणि खालची आळी पडते. अवघड गणिताच्या वर्गात गोरी आणि आशियाई पोरं, त्यात आमचीही. २००८ साली शहर, शाळा आणि विद्यापीठ यांनी मिळून शपथ घेतली होती की २०२०पर्यंत वर्णावरून दिसणारी गुणांची दरी बुजवू. २०२० आलं. दरी होती तिथेच होती, आणि शाळांना कुलूप लागलं होतं ते साथीमुळे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी देशभरचे डिस्ट्रिक्ट तपासले तेव्हा गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांमधलं अंतर सगळ्यात रुंद असलेल्या जागांत बर्कली होतं. त्याचं एक कारण असं की इथली वरची मुलं फारच वर आहेत, प्राध्यापकांची पोरं. दुसरी कारणं सभेत माइकसमोर उभी राहून लोक पन्नास वर्षं सांगतायत.

बर्कलीने २०१६ साली आणखी एक गंमत केली. शाळा-बोर्डाच्या निवडणुकीत सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना मत द्यायचा हक्क मंजूर केला. अंमलात यायला नोव्हेंबर २०२४ उजाडला, आणि तेव्हा आमची लेक सोळा वर्षांची होती. आम्ही दोघं अजून भारतीय पारपत्रावर. सतरा वर्षं इथे राहून, घरमालकामार्फत चौरस फुटाचा कर भरून, आम्हाला मत नाही. आणि जिला इंग्रजी येतं का म्हणून तपासलं होतं तिच्या नावाने टपालाने मतपत्रिका आली. तिच्यावर राष्ट्राध्यक्ष नव्हते. कमला हॅरिसचं नाव दुसऱ्या कागदावर होतं, आणि तो कागद आमच्या घरात कुणालाच आलेला नव्हता. हिच्या कागदावर फक्त बोर्डाचे उमेदवार.

ती दोन दिवस त्यांची पत्रकं वाचत बसली. मला विचारलंन्, मी वर्गसंख्या आणि ग्रंथालयाबद्दल बोलले, ती "आई, तू भाषण करतेयस" म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिने गोल काळा केला, कागद लिफाफ्यात घातला आणि अडून बसली. लिफाफ्यावर सही हवी. सही नोंदीशी जुळली नाही तर मत अडकतं. तिला सहीच नव्हती. या पोरांना अक्षरं एकमेकांना जोडून लिहायला कुणी शिकवलेलंच नाही. नोंदणीच्या वेळी पडद्यावर बोटाने काहीतरी फराटा ओढला होता, तो कसा होता तेही आठवेना.

भारतात सकाळ होती. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

बाबांनी आधी उमेदवार किती ते विचारलं, मग मतपत्रिकेचा रंग. मग म्हणाले, "तिला म्हणावं, जुन्या बिलाची पाठकोरी बाजू घे." पालकसभेला आलेल्या किती बायांना त्यांनी असंच, अंगठ्याची शाई पुसायला लावून, स्वतःचं नाव लिहायला शिकवलं असेल. "नाव पूर्ण लिही. वेलांटी, म्हणजे तुमचं ते आय, मोडू नकोस. हात उचलायचा नाही. पुन्हा. हां. आता शंभरदा काढलीस तरी अशीच आली पाहिजे."

विजेच्या बिलामागे तिने तेवीस सह्या केल्या. मी मोजल्या. चोविसावी लिफाफ्यावर.

"दाखव," बाबा म्हणाले. तिने लिफाफा कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांनी चष्मा वर करून, डोळे बारीक करून बघितलं.

"शाई वाळू दे आधी. मग टाक पेटीत."